पालापाचोळ्याचं कंपोस्ट कुंडीत: फुलझाडांसाठी बिनमातीचं मिश्रण घडवताना

एकाच ढिगातलं कंपोस्ट, एकाच दिवशी भरलेल्या बारा कुंड्या. सहा कुंड्यांत जिरॅनियम, सहांत पेट्युनिया. पाणी एकाच नळाचं, ऊन एकाच भिंतीवरचं. पाच आठवड्यांनी जिरॅनियम गडद हिरवं, कळ्यांचे तुरे वर काढून उभं. आणि त्याला खेटून पेट्युनियाचे शेंडे पिवळेफटक, शिरा तेवढ्या हिरव्या. रोपं उपाशी आहेत असं समजून मी वरून आणखी दोन-दोन मुठी कंपोस्ट घातलं. आठवडाभरात पिवळेपणा आणखी खाली उतरला.

रोपं उपाशी नव्हतीच. कंपोस्टचा सामू, म्हणजे पीएच, आठाच्या आसपास होता. त्या सामूला लोह कुंडीत असूनही मुळांच्या हाती लागत नाही. जिरॅनियमची मुळं स्वतःभोवती आम्लता निर्माण करून ते ओढून घेतात; पेट्युनियाला ते तितकं जमत नाही. मी वरून जे घातलं ते औषध नव्हतं, दुखण्याचाच दुसरा डोस होता.

बागेतला पालापाचोळा, छाटणीच्या काटक्या आणि कापलेलं गवत यांचं कंपोस्ट जमिनीत मिसळायला उत्तम. जमीन मोठी असते, चुका पोटात घालते. दोन लिटरच्या कुंडीत मुळांना पळायला जागा नसते, म्हणून तिथे कंपोस्टचे चार दोष लगेच बोलू लागतात: सामू जास्त (साधारण ७.५ ते ८.५), क्षार जास्त, बारीक भुकटी जास्त, आणि हवा कमी. पहिले तीन दोष ‘जास्त’चे आहेत. त्यामुळे सुधारणेची सुरुवात काही घालून होत नाही, काढून होते. खाली जो क्रम दिला आहे तो याच हिशेबाने लावलेला आहे, आणि तो उलटसुलट केला तर मेहनत दुप्पट होते.

ढीग खरोखर झाला आहे का

काळं दिसलं म्हणजे कंपोस्ट झालं, असं नाही. ढीग पाण्याने चिंब होऊन आतल्या आत कुजला तरी काळाच दिसतो. वास घ्या. पावसानंतरच्या जंगलातल्या मातीचा वास हवा; अमोनियाचा झणका किंवा आंबूस, नासका वास नको.

ढिगाच्या इतिहासाकडेही पाहायला हवं. तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर काही दिवस टिकलं असेल आणि ढीग चार-पाच वेळा उलथून बाहेरचा माल आत गेला असेल, तर बहुतेक तणांचं बी आणि रोगजंतू मेलेले असतात. त्यानंतर ढीग थंड पडल्यावर किमान दोन-तीन महिने तो मुरायला ठेवावा. घाईत हीच पायरी वगळली जाते, आणि मग कुंडीतच उरलेलं कुजणं सुरू होतं.

मुरलं की नाही, हे पाहायची सोपी चाचणी अशी. रुंद तोंडाचा थर्मास घ्या, त्यात ओलसर कंपोस्ट सैल भरा, मधोमध थर्मामीटर खोचा आणि खोलीत ठेवा. आठ-दहा दिवस रोज आकडा पाहा. खोलीच्या तापमानापेक्षा दहा अंशांनीही वर गेला नाही तर माल शांत झाला. वीस-तीस अंश चढला तर ढीग अजून जेवतोय, त्याला उठवू नका.

दुसरी चाचणी अळिवाची. एक भाग कंपोस्ट दहा भाग शुद्ध पाण्यात ढवळून गाळा. बशीत टिपकागद ठेवून त्यावर हे पाणी, इतकंच की कागद ओला होईल, आणि वर अळिवाचे वीस दाणे. दुसऱ्या बशीत साधं शुद्ध पाणी. दोन्ही झाकून उबदार, अंधाऱ्या जागी दोन-तीन दिवस. मग उगवलेले दाणे मोजा, मुळांची लांबी पट्टीने मोजा. समजा साध्या पाण्यात १९ दाणे उगवले आणि मुळाची सरासरी लांबी २८ मिलिमीटर: गुणाकार ५३२. कंपोस्टच्या पाण्यात १७ दाणे, २४ मिलिमीटर: ४०८. म्हणजे ७७ टक्के. ८० च्या वर हवं. अशा ढिगाला मी आणखी तीन आठवडे देतो आणि पुन्हा बश्या मांडतो. मुळांची टोकं तपकिरी पडली असतील तर टक्के कितीही येवोत, थांबावं.

गवत बाहेरून आणलेलं असेल तर एक चाचणी आणखी हवी. क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड ही रुंद पानांची तणं मारणारी औषधं कंपोस्टच्या उष्णतेत सहजी मोडत नाहीत, आणि अगदी थोडी उरली तरी पुरतात. तीन कुंड्यांत निम्मं कंपोस्ट घातलेल्या मिश्रणात आणि तीन कुंड्यांत कंपोस्ट नसलेल्या मिश्रणात घेवडा किंवा वाटाणा पेरा. तीन आठवड्यांत कंपोस्टच्या कुंड्यांमधली नवी पानं वाटीसारखी वळली किंवा नेच्याच्या पानासारखी चुरमडली, तर तो ढीग फुलझाडांसाठी बाद. झेंडू, शेवंती, झिनिया, अॅस्टर ही सगळी एकाच कुळातली आणि या औषधांना हळवी, पेट्युनियाही तशीच. हा दोष धुऊन किंवा मिसळून सुधारायच्या फंदात पडू नये. असा माल हिरवळीच्या गवताला चालतो.

चाळणं: दोन चाळण्या, एक नाही

बहुतेक जण एकाच चाळणीने मोठ्या काटक्या काढतात आणि खाली पडलेलं सगळं ‘छान बारीक’ म्हणून वापरतात. कुंडीसाठी हे अर्धंच काम झालं. दहा-बारा मिलिमीटरच्या जाळीने काटक्या, दगड, प्लॅस्टिक वर राहू द्या. मग खाली पडलेला माल एक-दोन मिलिमीटरच्या जाळीवर पुन्हा चाळा आणि या वेळी वर राहिलेला घ्या. खाली पडणारी चहाच्या भुकटीसारखी पूड हीच कुंडीतली हवा खाते. ती जमिनीतल्या वाफ्यात टाका, तिथे ती सोन्यासारखी आहे.

सगळी पूड काढायची गरज नाही, आणि ती निघतही नाही. कणांना चिकटलेली राहतेच. पाणी धरायला थोडी पूड लागते. माझा अंदाज असा, की तिच्यातली निम्म्याहून अधिक गेली तरी फरक हाताला कळतो. मूठ दाबून सोडली की गोळा न राहता माल विस्कटतो.

चाळताना माल फार ओला असला तर जाळी लिंपून जाते, फार सुका असला तर धुरळा नाकातोंडात जातो. मुठीत दाबल्यावर पाणी सुटू नये, पण हात ओलसर व्हावा, इतपत ओल बरोबर. तरीही तोंडावर मास्क बांधाच. कंपोस्टच्या धुळीत बुरशीचे बीजाणू भरपूर असतात.

मोजल्याशिवाय काही करू नका

सामू आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजेच त्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) मोजणारी दोन पेनसारखी यंत्रं या कामात फावड्याइतकी गरजेची आहेत. सामूचं यंत्र ४ आणि ७ च्या द्रावणात आधी जुळवून घ्या. न जुळवलेलं यंत्र हे बंद घड्याळासारखं, आत्मविश्वासाने चुकीचं सांगतं.

पद्धत एकच ठरवा आणि कायम तीच वापरा. मी एक भाग कंपोस्ट आणि पाच भाग शुद्ध पाणी, दोन्ही मापाने घेतो, एक तास अधूनमधून ढवळतो आणि आकडा घेतो. या पद्धतीत ईसी ०.५ मिलिसीमेन्स किंवा कमी आली तर जवळपास कुठल्याही फुलझाडाला चालेल. ०.५ ते १ मध्ये पातळ करून वापरता येतं. १ च्या वर असेल तर धुवावं लागेल. निव्वळ पालापाचोळ्याच्या, त्यातही गवत जास्त असलेल्या कंपोस्टचा आकडा १ च्या वर येणं नेहमीचंच. त्यात पोटॅशियम आणि क्लोराइडचा मोठा वाटा असतो. वेगळ्या प्रमाणात पाणी घेतलं किंवा कुंडीखाली गळणाऱ्या पाण्याची ईसी घेतली तर आकडे वेगळे येतात. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नका.

आधी गंधक, मग धुणं

सामू खाली आणायला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस ओतण्याचा सल्ला सर्रास मिळतो. ओतल्यावर यंत्र खुश करणारा आकडा दाखवतंही. पण ही सेंद्रिय आम्लं जिवाणू काही दिवसांत खाऊन टाकतात आणि मोडताना बायकार्बोनेट मागे सोडतात. सामू पुन्हा होता तिथे. कंपोस्टमध्ये कार्बोनेट भरपूर असतात, त्यांना टिकाऊ आम्ल लागतं.

ते गंधकातून मिळतं. बारीक गंधकाच्या भुकटीचं जिवाणू हळूहळू गंधकाम्ल करतात. हे सजीव काम असल्यामुळे त्याला ऊब, ओल आणि हवा तिन्ही लागतात. २५ ते ३० अंशांना चार-सहा आठवड्यांत परिणाम दिसतो, गारठ्यात काम जवळपास थांबतं. किती घालायचं हे कंपोस्टप्रमाणे बदलतं, म्हणून आधी छोटी चाचणी. एक-एक लिटर कंपोस्टच्या तीन पिशव्या: पहिलीत अर्धा ग्रॅम गंधक, दुसरीत एक, तिसरीत दोन. नीट मिसळा, ओलसर ठेवा, पिशवीचं तोंड सैल बांधा. तिसऱ्या आणि पाचव्या आठवड्याला सामू मोजा. जी पिशवी ६.५ च्या आसपास येईल तिचं प्रमाण मोठ्या ढिगाला लावा. साडेपाचाच्या मागे लागू नका. नंतर त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा पीट (दलदलीत साठलेलं अर्धवट कुजलेलं शेवाळ) मिसळल्यावर आकडा आणखी खाली येणारच आहे, आणि एकदा फार खाली गेलेलं वर आणणं ही वेगळीच डोकेदुखी.

फेरस सल्फेटने सामू लगेच उतरतो, पण गंधकाच्या सुमारे आठपट वजन लागतं आणि तितकाच क्षार वाढतो. घाई असेल तरच.

आता क्रमाचं. गंधकापासून आम्ल झालं की सल्फेटचे क्षार तयार होतात आणि ईसी चढते. म्हणून कंपोस्ट आधी धुतलं आणि मग गंधक घातलं तर धुतलेलं वाया. गंधक आधी, ते मुरू द्यायचं, आणि मग एकदाच धुवायचं.

धुण्यासाठी तळाला भोकं असलेल्या क्रेटमध्ये जाळीचं कापड घाला आणि वीतभर जाडीचा थर भरा. दहा लिटर कंपोस्टला साधारण दहा लिटर पाणी, पण एका दमात नाही. अडीच-अडीच लिटर, झारीने सावकाश, मध्ये वीस-वीस मिनिटं थांबून. थांबण्यातच खरं धुणं होतं. कणांच्या आतले क्षार त्या वेळात बाहेर पाण्यात येतात. नळ सोडून ठेवला तर पाणी मोठ्या फटींतून निघून जातं आणि आतले क्षार आतच. खाली येणारं पाणी भांड्यात धरा. पहिला निचरा काळ्या कॉफीसारखा येतो आणि ईसीचं यंत्र त्यात धरलं की आकडा चांगलाच चढलेला दिसतो. चौथा निचरा पातळ चहासारखा. निचऱ्याची ईसी १ ते १.५ पर्यंत उतरली की पुरे, पाणी अगदी स्वच्छ व्हायची वाट पाहू नका. त्या काळ्या पाण्यात पोटॅशियम आणि नायट्रेट असतं, तेव्हा ते गटारात न घालवता पातळ करून जमिनीतल्या झाडांना द्या.

धुतल्यावर सामू थोडा वर सरकतो. घाबरू नका, क्षार गेल्यामुळे यंत्राला तसं दिसतं. पाणी जड असेल, म्हणजे त्यात बायकार्बोनेट जास्त असतील, तर मात्र तेच पाणी सामू खरोखर वर चढवत राहतं. पावसाचं साठवलेलं पाणी मिळालं तर धुण्यासाठी तेच वापरावं.

धुऊन, निथळून झालेला माल बंद पिशवीत चिंब अवस्थेत भरून ठेवू नका. दोन आठवड्यांत आंबतो. पसरून, मुठीच्या ओलीवर आणून, हवा खेळेल अशा गोणीत ठेवा.

हवा: सगळ्यात दुर्लक्षित, सगळ्यात महत्त्वाची

बेल्जियमच्या डी बूट आणि व्हर्डोंक या संशोधकांनी १९७२ मध्ये कुंडीतल्या आदर्श माध्यमाची मोजमापं मांडली, ती आजही आधाराला घेतली जातात: पाणी निथळून गेल्यावर आकारमानाच्या २० ते ३० टक्के हवा, आणि तितकंच मुळांना सहज उचलता येईल असं पाणी. निव्वळ कंपोस्ट हवेच्या परीक्षेत बहुधा नापास होतं.

ही परीक्षा स्वयंपाकघरातल्या मापाने घरी घेता येते. एक लिटर आकारमानाची कुंडी घ्या, भोकांना बाहेरून चिकटपट्टी लावा. ओलसर मिश्रण भरा, कुंडी दोनदा टेबलावर हलकी आपटा, वर पुन्हा भरा. आता कडेकडेने सावकाश पाणी सोडा, पृष्ठभाग चमकू लागेपर्यंत. तासभर थांबा, पातळी उतरली तर पुन्हा भरा. मग कुंडी तिरपी न करता पसरट भांड्यावर धरून पट्टी काढा आणि गळणारं सगळं पाणी जमवा. दहा मिनिटांनी मोजा. जितकं पाणी खाली आलं तितकी जागा हवेने घेतली. ९० मिलिलिटर आलं तर हवा ९ टक्के. दहाच्या खाली मुळं गुदमरतात; १५ ते २० आलं तर निश्चिंत राहा.

उंची का महत्त्वाची ते एका स्पंजवर पाहून घ्या. लांबट स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. टपकणं थांबलं की तोच स्पंज न पिळता उभा करा; खालच्या टोकातून पुन्हा पाणी येऊ लागेल. कुंडीतही तसंच: तळाशी एक ओला थर कायम राहतो आणि त्याची जाडी मिश्रणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ ट्रेमध्ये तेच मिश्रण चिखल वाटतं आणि उंच कुंडीत बरं चालतं. तळाला खडे घालून निचरा सुधारतो ही समजूत इथेच कोसळते. खडे घातले की तो ओला थर फक्त वर, मुळांच्या जवळ सरकतो.

हवा वाढवायची तर भरड पदार्थ हवेत: परलाइट (तापवून फुलवलेल्या ज्वालामुखी काचेचे हलके पांढरे दाणे), प्यूमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड), भाताचं तूस, पाइनच्या सालीचे मुरलेले तुकडे. आणि इथे अनेकांचा हात आखडतो. दहा टक्के परलाइट घालून काहीच होत नाही. बारीक कंपोस्टच्या गर्दीत ते दाणे एकेकटे, मनुकांसारखे रुतून बसतात आणि त्यांच्या भोवतीच्या फटी कंपोस्टनेच भरतात. दाण्याला दाणा टेकू लागेल इतकं प्रमाण झालं की मगच मोठ्या फटी तयार होतात. २० टक्क्यांच्या खाली मी जात नाही, उथळ भांड्यांना ३०. दहा लिटर कंपोस्ट आणि दहा लिटर परलाइट मिळून वीस लिटर भरत नाहीत, हेही लक्षात ठेवून माल थोडा जास्त काढा.

बायोचारबद्दल, म्हणजे कमी हवेत भाजून केलेल्या कोळशाबद्दल, सध्या बराच उत्साह आहे. हवा आणि पोषण धरून ठेवायला तो चांगलाच, आणि कंपोस्ट-मिश्रणात दहा ते वीस टक्क्यांपर्यंत घालता येतो. पण बराचसा बायोचार स्वतःच अल्कधर्मी असतो, त्याच्या राखेमुळे सामू ९ च्या पुढेही जातो. जे दुखणं आपण महिनाभर खपून उतरवलं तेच मागच्या दाराने आत येतं. तो आधी धुवा, सामू मोजा, दोन ते पाच मिलिमीटरचे तुकडे घ्या, पूड नको. चुलीतली राख आणि चुना तर या मिश्रणाच्या जवळपासही नको.

कोणत्या फुलाला किती

कोकोपीटही धुऊनच घ्यायचं. त्यात सोडियम आणि पोटॅशियम असू शकतं. कॅल्शियम नायट्रेटच्या पातळ द्रावणात रात्रभर भिजवून निथळलेलं कोकोपीट सगळ्यात बरं. पीट मॉसचा सामू ४ च्या आसपास असल्यामुळे कंपोस्टशी त्याची जोडी छान जमते. पण दलदलीत पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर साठतं, आणि आपण ते एका हंगामात कुंडीत संपवतो. मला कोकोपीट पुरतं.

जिरॅनियम आणि झेंडू ही कंपोस्टची खरी मित्रमंडळी. सामू ६ ते ६.६ त्यांना आवडतो. फार आम्ल झालं तर उलट लोह-मँगेनीज जास्त ओढून घेऊन त्यांच्या पानांवर डाग पडतात. यांना कंपोस्ट ४० टक्के, कोकोपीट ४०, परलाइट किंवा तूस २०. शेवंती खादाड आहे, तिलाही हेच. हिशेब आधी कागदावर करून पाहता येतो: कंपोस्टची ईसी १.२ आणि कोकोपीटची ०.२ असेल, तर ४० टक्क्यांचे ०.४८ आणि ०.०८ मिळून ०.५६. परलाइटचं शून्य. चालेल.

पेट्युनिया, कॅलिब्राकोआ यांना सामू ५.४ ते ६.२ लागतो. कंपोस्ट २० ते २५ टक्क्यांवर थांबवा, कोकोपीट निम्म्याहून थोडं जास्त, उरलेलं परलाइट. बेगोनिया, इम्पेशन्स, प्रिम्युला, जरबेरा क्षारांना नाजूक. यांनाही २० टक्के, आणि तेही धुतलेलं.

बी पेरायच्या ट्रेमध्ये कंपोस्ट दहा टक्के घाला, किंवा घालूच नका. अझेलिया, गार्डेनिया यांच्या वाटेला हे मिश्रण अजिबात जाऊ नये.

तयार मिश्रण भट्टीत किंवा वाफेवर ‘निर्जंतुक’ करायचा मोह आवरा. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या हॅरी हॉइटिंक यांच्या दीर्घ कामातून दिसलं की चांगल्या मुरलेल्या सालीच्या कंपोस्टमधले जिवाणू-बुरश्या पिथियम, फायटोफ्थोरासारख्या मूळकुजीच्या रोगांना दाबून धरतात. ते सैन्य आपणच मारलं तर पहिल्या येणाऱ्या रोगाला रान मोकळं.

भरणं, आणि नंतरचं खत

मिश्रण भरण्याआधी ओलसर करून एक रात्र ठेवा. सुकं भरलं तर बारीक कण फटींत घसरून बसतात आणि मिळवलेली हवा जाते. दाबू नका, भरलेल्या कुंड्या एकात एक रचू नका. पहिलं पाणीच माल पुरेसा बसवतं.

खताच्या बाबतीत ‘१९-१९-१९’चा डबा थोडा बाजूला ठेवा. कंपोस्टमध्ये पोटॅशियम गरजेपेक्षा जास्त आणि स्फुरद बहुधा पुरेसं असतं. कमी पडतो तो नत्र, कारण काटक्यांचे न कुजलेले कण कुजवायला जिवाणू तो आधी उचलतात. फक्त नत्र द्यावा, थोडा थोडा. १०० पीपीएम (लिटरला १०० मिलिग्रॅम) नत्रासाठी कॅल्शियम नायट्रेट एका लिटरला ०.६५ ग्रॅम. सामू वर सरकत असेल तर आलटून-पालटून अमोनियम सल्फेट, ५० पीपीएमसाठी लिटरला ०.२४ ग्रॅम, अमोनियम मुळांभोवती आम्लता आणतं. थंडीत ते टाळा. ही दोन खतं एकाच घट्ट द्रावणात कधी एकत्र करू नका, तळाशी जिप्समचा पांढरा गाळ बसतो.

पिवळेपणा दिसला की आधी कुठे दिसला ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट फिकी पडली तर नत्र कमी. शेंड्याची नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली तर लोह, म्हणजे सामू. इथे लोह द्यायचं तर ते कोणत्या संयुगात बांधलेलं आहे ते डब्यावर बघून घ्या: ईडीटीए प्रकारचं लोह सामू साडेसहाच्या वर गेला की टिकत नाही, डीटीपीए सातापर्यंत चालतं, ईडीडीएचए त्याहीपुढे. पानांच्या कडा करपल्या, टोकं तपकिरी झाली तर क्षार; खत बंद करून दोनदा भरपूर पाणी सोडा, खालून वाहू द्या.

पाण्याचा अंदाज रंगावरून घेऊ नका. कंपोस्टचं मिश्रण वरून सुकं आणि फिकं दिसतं तेव्हा आत दोन बोटं खाली ओल असते, आणि रोज पाणी घालणारे लोक इथेच फसतात. कुंडी उचलून वजनाने ओळखायला शिका. उलट एकदा पूर्ण सुकू दिलं तर तेच मिश्रण पाणी घेत नाही, ते कडेने निघून जातं. अशी कुंडी अर्धा तास पाण्याच्या घमेल्यात बसवून ठेवावी. पृष्ठभाग सतत ओला ठेवला की चिलटंही जमतात.

मोठा साठा करण्याआधी सहा कुंड्यांची चाचणी घ्या: तीन नव्या मिश्रणाच्या, तीन तुम्हाला खात्री असलेल्या जुन्या मिश्रणाच्या, रोप एकच. सहा आठवडे. दर दोन आठवड्यांनी कुंडीवर थोडं शुद्ध पाणी ओतून खाली गळणाऱ्या पाण्याचा सामू वहीत लिहा. शेवटी एक-एक रोप कुंडीतून उलटं काढून मुळं पाहा. पांढरी मुळं तळापर्यंत गेलेली हवीत. तळाच्या तीन-चार सेंटीमीटरमध्ये मुळं नसतील किंवा तपकिरी असतील, तर वरची फुलं कितीही छान असोत, परलाइट वाढवा.

हंगाम संपला की मिश्रण बोटभर तरी खाली बसलेलं असतं, कारण कंपोस्ट कुंडीतही झिजत राहतं. ते जुनं मिश्रण पुन्हा चाळा, मुळांचे गुंते काढा, ईसी मोजा. नव्या मिश्रणात एक तृतीयांशापर्यंत ते खपतं, फक्त मूळकुज झालेल्या कुंडीतलं नको. माझ्याकडे गेल्या हंगामातलं असं दोन गोण्या आहे. यंदा त्यात झेंडू जाईल, पेट्युनिया नाही.